निम्म्या वेगाची गाणी

आमच्या वरच्या मजल्यावर सहा वर्षं एक गृहस्थ भाड्यानं राहिले. त्यांना कुणी काका म्हटलेलं चालत नसे. वय अठ्ठावन्न, केस पांढरेशुभ्र आणि खांद्यापर्यंत, ते मागं गोळा करून देवळातला लाल नाडा बांधलेला, नाकावर घसरलेला चष्मा. म्हणजे काका म्हणायला देवानंच घडवलेला माणूस. मी पहिल्याच दिवशी 'काका, नळाची वेळ सकाळी सहा ते आठ' असं सांगायला वर गेले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाले, "काका नको. मी रॉक वाजवतो." एखाद्यानं 'मी कांदा खात नाही' म्हणावं इतक्या गंभीरपणे. मग काय म्हणायचं, तर ते त्यांनाही सुचेना. शेवटी मी सहा वर्षं त्यांना नुसती 'अहो' म्हणून हाक मारली. गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या एका बाईंचा त्यामुळं जो व्हायचा तो गैरसमज झाला आणि त्या मला सवाष्ण म्हणून जेवायला बोलवायला आल्या. मी तेव्हा चौतीस वर्षांची, बिनलग्नाची, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणारी. राग यायला हवा होता, पण खरं सांगते, हसून हसून पोट दुखलं. ते स्वतः मात्र आमच्या आईला, जी त्यांच्याहून जेमतेम आठ-नऊ वर्षांनी मोठी होती, बेधडक 'काकू' म्हणायचे.

काशीत विक्षिप्त म्हणून नाव कमवायचं म्हणजे सोपं काम नाही, स्पर्धा फार. आमच्याच गल्लीत एक जण अकरा वर्षं बोलला नव्हता आणि त्याचा शेजारी झोपेतसुद्धा गप्प बसत नसे. त्यामुळं ऐन मे महिन्यात निळं जीनचं जाकीट घालून राजा घाटावर आंघोळीला जाणारा माणूस लोकांनी दोन दिवस पाहिला आणि तिसऱ्या दिवशी सोडून दिला. जाकिटाची घडी पायरीवर, घडीवर घड्याळ, धडाधड तीन बुड्या, आणि अंग पुसता पुसताच घराकडं. नाववाले त्यांना 'गिटार गुरू' म्हणत. आमच्याकडं रिक्षावाला गुरू आणि त्याच्याशी भांडणारा गिऱ्हाईकही गुरूच, पण यांना ते नाव भारी आवडलं होतं. काका चालत नाही आणि गुरू चालतो, हे आमच्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही.

ते काशीला आले ते त्यांच्या आईमुळं. म्हातारबाईंना मरण काशीतच हवं होतं. जन्म सगळा गिरगावात गेलेला, पण हट्ट एकच. या एकुलत्या एक अविवाहित मुलानं मग रंगाच्या कंपनीतली नोकरी मुदतीआधी सोडली आणि आईला घेऊन आमच्या वरच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं. पावणेदोन वर्षांनी त्या गेल्या. मणिकर्णिकेवर सगळं झालं, तेरावा झाला, आणि आमच्या आईनं त्यांना हळूच विचारलं की आता मुंबईला कधी निघणार. तर म्हणाले, "काकू, इथं कितीही मोठ्यानं वाजवलं तरी कुणी दार ठोठावत नाही. असं घर मुंबईत कुठं मिळायचं?" खरं कारण ते नव्हतं हे आम्हा दोघींना कळत होतं. म्हातारबाईंची खाट जिथं होती ती जागा त्यांनी मोकळीच ठेवली होती, तिथं साधी खुर्चीही सरकवली नव्हती. आईनं तो विषय पुन्हा काढला नाही.

या माणसाला घाई फार. आमच्या शहरात घाई ही गोष्टच नाही. पान लावणारा पान लावता लावता अख्खं महाभारत सांगतो आणि गिऱ्हाईक ते ऐकून घेतं. त्यात हे दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरायचे, उभ्यानं चहा प्यायचे, आणि गळ्यात शाळेच्या शर्यतीत असतं तसलं थांबवायचं घड्याळ. "दोन मिनिटं पन्नास सेकंद," ते म्हणत, "यापेक्षा जास्त वेळ कुणी कुणाचं ऐकत नसतं." गाणं तेवढंच हवं, पत्र तेवढं, भांडणही तेवढंच. आमच्या आईनं पाण्याच्या टाकीवरून त्यांना एकदा सुनावलं, तेव्हा तिचं संपल्यावर त्यांनी घड्याळ बघून 'चार मिनिटं दहा' असं सांगितलं होतं. आमच्याकडच्या सत्यनारायणात तर भटजींना बाजूला घेऊन म्हणाले की कथा चांगली आहे पण तिसरा अध्याय काढता येईल. भटजी पुढं वर्षभर मला घाटावर भेटले की त्यांची चौकशी करायचे, जरा भीतभीतच. म्हातारबाई होत्या तोवर वरून सारखं एकच ऐकू यायचं, "अरे बस जरा." आणि यांचं उत्तर, "येतोच." तोवर जिना उतरलेला असायचा.

आता बँडचं सांगते. ऐन तारुण्यात मुंबईत चार पोरांनी मिळून बँड काढला होता. हॉटेलात वाजवायचे, कॉलेजांच्या कार्यक्रमात वाजवायचे, इंग्रजी गाणी, लांब केस, सगळा थाट. यांच्याकडं गिटार. गायचा दुसरा. एक छोटी तबकडीही निघाली होती, तिच्यावर चौघांचा फोटो होता आणि त्यात यांचं अर्धं डोकं कापलेलं होतं. पंधरा वर्षं ते ड्रमच्या उजव्या हाताला उभे राहिले. म्हणजे ड्रम यांच्या डाव्या कानाशी. डावा कान तेव्हाच गेला होता, आणि त्याचा ते पुरेपूर उपयोग करायचे. बोलणं आवडलं नाही की मान किंचित फिरवून डावा कान पुढं करायचे आणि प्रसन्न चेहऱ्यानं बसून राहायचे. माझ्याशी बोलताना त्यांनी डावा कान केला की मी उठून पलीकडं जाऊन बसत असे. एवढा माझाही स्वभाव होताच.

बँड मोडला तसे चौघं चार दिशांना गेले. ड्रमवाला ऑस्ट्रेलियात. त्यानं, यांची आई गेल्याचं कळल्यावर, एका ओळखीच्या प्रवाशाबरोबर एक खोकं पाठवलं. आत चार ट्रॅकचं टेप मशीन. साध्याच कॅसेटवर चालतं, पण एकट्या माणसाला त्यावर चार वेळा वेगवेगळं वाजवता येतं. आधी गिटार, मग तीच ऐकत ऐकत आवाज, मग दुसरी गिटार, मग खंजिरी. सोबत चिठ्ठी होती. ती त्यांनी मला वाचायला दिली. "पंधरा वर्षं दुसऱ्यांची गाणी वाजवलीस. आता तुझी ऐकव." बास, एवढंच. घाईची लागण अख्ख्या बँडलाच असावी.

त्यांची स्वतःची गाणी होती हे मला तोवर माहीत नव्हतं. सात होती. मराठीत. एका फाटक्या वहीत लिहिलेली, काही वीस वर्षांपूर्वीची. एक त्या ड्रमवाल्यावर, एक रंगाच्या कंपनीतल्या खिडकीवर, एक आईवर. त्यांना त्यांची एक कॅसेट करायची होती, स्वतःच्या नावाची, स्वतःच्या आवाजात. आयुष्यात एवढंच राहिलं होतं म्हणाले.

आणि त्याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरांनी उजव्या कानाचं सांगितलं. जिन्यात मला गाठून त्यांनी ते मला ऐकवलं, नळाला पाणी नाही हे सांगावं तसं. वरचे सूर गेलेत, बारीक, उंच आवाज आता येतच नाहीत. खालचे अजून येतात, पण तेही जाणार. "किती दिवस?" मी विचारलं. "दोन वर्षं. फार तर तीन." मग म्हणाले, "बाई, ही कॅसेट मला स्वतःच्या कानांनी ऐकायची आहे. दुसऱ्यांनी सांगितलेली नको." त्यावर मी त्यांना जिन्यात चपला काढण्यावरून बोलले.

त्या थंडीत आमचं घर म्हणजे एक कारखानाच झाला. थंडीच निवडली, कारण पंखे बंद, खिडक्या बंद. तरी काशी ती काशी. आरतीच्या घंटा, लाउडस्पीकर, म्हशी, वरातीचे बँड, गल्लीतून 'राम नाम सत्य है' म्हणत निघालेले लोक. आवाज आत येऊ नये म्हणून त्यांनी खोलीच्या भिंतींना रजया टांगल्या, त्यातल्या सहा आमच्या. आईनं दोन महिने दोन शाली अंगावर घेऊन काढले आणि कुरकुर केली नाही. मी शाळेतून आले की वरून जे ऐकू यायचं त्याबद्दल मात्र आम्ही दोघी एकमेकींशीसुद्धा बोलत नव्हतो. कारण ते भयंकर होतं. स्वतःला बारीक सूर ऐकू येत नाहीत म्हणून ते मशीनवर तेच वाढवून ठेवायचे. तार अशी काही तोडायचे की आमच्या फडताळातल्या काचा वाजायच्या. आणि गायचे ते धावत्या गाडीमागं पळत पळत कुणाला तरी निरोप सांगावा तसं. शब्द एक कळायचा नाही. प्रत्येक गाणं बरोबर दोन मिनिटं पन्नास सेकंद. संपलं की जिन्यावरून वाकून विचारायचे, "कसं काय?" मी म्हणायची, "छान." भूगोलाच्या बाईला खोटं बोलायची सवय नसते, पण मी बोलले.

वसंत पंचमीच्या आधी त्यांचं काम पुरं झालं. आमच्याकडं त्या दिवशी गल्लोगल्ली सरस्वती बसते, आणि घरात वह्या-पुस्तकं, वाद्यं, सगळं पाटावर मांडून पूजा करायची. दिवसभर मग त्याला कुणी हात लावायचा नाही. आईनं त्यांची गिटार खाली मागवली. त्यांनी आनंदानं आणून दिली, आणि सोबत दोन कॅसेट. एक मूळ कॅसेट, त्या चार ट्रॅकच्या मशीनवरची. दुसरी, तिच्यावरून सगळं एकत्र करून साध्या टेपवर उतरवलेली, जिच्यावरून दुकानात प्रती काढायच्या. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या. एकीवर लिहिलेलं 'मूळ, हात लावू नये', दुसरीवर 'प्रतींसाठी'. आईनं गिटारीला झेंडूची माळ घातली आणि दोन्ही कॅसेटींवर ओल्या कुंकवानं ऐसपैस स्वस्तिक काढलं. कुठं काढलं, तर अर्थातच जिथं पांढरी मोकळी जागा दिसली तिथं, त्या नावाच्या कागदावर. अक्षरं सगळी कुंकवाखाली गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांना सणसणून ताप. रविवारी तर गल्लीच्या गणेशोत्सवाच्या सभागृहात कॅसेट ऐकवायचा कार्यक्रम ठरलेला, लोकांना हातोहात द्यायला चाळीस प्रती हव्या. तेव्हा मी म्हटलं, मी जाते. पाटावरून एक कॅसेट उचलली, पदरानं पुसली, तर कुंकू आणखीच पसरलं. कुठली ते मला कळलं नाही, आणि खरं म्हणजे मी विचारही केला नाही. माझ्या लेखी दोन्ही कॅसेट सारख्याच होत्या.

त्या सारख्या नव्हत्या. चार ट्रॅकचं मशीन कॅसेट दुप्पट वेगानं पळवतं. तीच कॅसेट साध्या टेपवर लावली की निम्म्या वेगानं चालते. सगळे सूर एक सप्तक खाली येतात, आणि ऐकू येतात ते पहिले दोनच ट्रॅक, एक गिटार आणि आवाज. बाकीचे दोन कॅसेट उलटवली की मागल्या बाजूला उलटे वाजतात. हे मला आज पाठ आहे. त्या दिवशी दुकानदारालाही माहीत नव्हतं. बिचाऱ्यानं तीन-तीन मशीनवर लावून पाहिलं, पट्टे बदलले, आणि शेवटी 'मशीन तो ठीक है, गाना ही ऐसा है' असं ठरवून चाळीस प्रती काढून दिल्या.

रविवारी सकाळी सभागृहात पस्तीस-चाळीस माणसं जमली. सगळी आमच्या मराठी घरांतली. पेन्शनवाले, वेदपाठशाळेतले दोन शास्त्री, बायका. रॉक म्हणजे काय हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं, चहा आणि कचोरी आहे हे माहीत होतं. हे तापातून उठून, जाकीट घालून पहिल्या रांगेत बसले, उजवा कान टेपकडं करून. मी कळ दाबली.

आणि त्यातून एक म्हातारा बोलू लागला.

आवाज खोल, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. एकेक शब्द सुटा. गिटारीची एक तार वाजायची आणि ती विरेपर्यंत दुसरी यायचीच नाही. काहीतरी घोटाळा झालाय आणि तो मीच केलाय, एवढं मला तत्क्षणी कळलं. मी बंद करायला हात पुढं केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, नुसतं धरून ठेवलं. दुसरं गाणं झालं, तिसरं सुरू झालं. कुणी हललं नाही. लोकांना वाटलं हे असंच असतं. भजनाला बसावं तशी सगळी मांडी घालून शांत बसली होती. आणि चौथं गाणं लागलं. ते आईचं होतं.

आई म्हणाली, बस जरा. मी म्हटलं, येतोच.
येतोच म्हणता म्हणता जिना संपला.

दोन महिने हे गाणं मी रोज ऐकलं होतं आणि त्यात असं काही आहे याचा मला पत्ता नव्हता. आमच्या आईनं तोंडाला पदर लावला. तिच्या शेजारच्या बाईंनी तिचा हात धरला, मग त्याही रडू लागल्या, आणि मीही. यांनी गळ्यातलं घड्याळ चालू केलेलं होतं. ते गाणं साडेपाच मिनिटांच्या वर चाललं आणि एक माणूस जागचा उठला नाही.

सातही गाणी संपल्यावर कुणीतरी उत्साहानं कॅसेट उलटवली. मग मात्र खंजिरी आणि दुसरी गिटार उलट्या वाजू लागल्या, जणू कुणी काचेचे तुकडे गोळा करून परत तोंडात घालतंय. एका शास्त्रीबुवांनी हा प्रकार आपल्याला झेपणारा नाही असं जाहीर केलं आणि सगळे चहाकडं वळले.

सभागृहाच्या पायरीवर मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. कुंकू, पाट, पदर. म्हटलं, चुकलं माझं. मी तुमचं काम बुडवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. डोळे लाल होते, तापानं की कशानं कोण जाणे.

"बाई," ते म्हणाले, "मला माझी गिटार ऐकू आली."

मला आधी समजेना. मग त्यांनी सांगितलं. चार वर्षं त्यांना वरच्या दोन तारा ऐकू येत नव्हत्या. वाजवायचे ते बोटांच्या सवयीवर, आणि ऐकू येईल या आशेनं आणखी जोरात. आज तेच सूर सप्तकभर खाली उतरून त्यांच्या कानाला जे अजून येत होतं त्यात येऊन बसले. गाणी त्यांना पहिल्यांदा नीट ऐकू आली. "आणि वाईट नाहीत हो," ते म्हणाले, आणि लहान पोरासारखे हसले, "जरा घाईत गायलोय एवढंच."

त्यांनी त्या चाळीस प्रती परत गोळा केल्या आणि सातही गाणी पुन्हा करायची ठरवली. मला वाटलं होतं, जमलेलंच आहे, हीच ठेवावी. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "ती मशीननं हळू केली. मला हळू म्हणता आली पाहिजेत." वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून त्यांनी जाड तारा आणल्या, गिटार खूप खाली उतरवली, आणि बसले. पण हळू गाणं त्या माणसाला येईना. पहिले पंधरा दिवस नुसतं तेच. एक ओळ म्हणायचे, दुसरीवर झडप घालायचे, की थांबून स्वतःलाच शिवी हासडायचे. घड्याळ त्यांनी आमच्या आईकडं ठेवायला दिलं. आईनं ते देव्हाऱ्यात ठेवलं, कारण तिच्या मते ते धोकादायक होतं.

तोवर होळी होऊन गेली, ऊन वाढलं. थंडी हातची गेली म्हणून मी काळजीत, आणि त्यांना उलट एक शोध लागला. काशीत शांतता असते ती वैशाखातल्या दुपारी दोन ते चार. भाजून काढणाऱ्या वाऱ्याची लू सुटलेली असते, गल्लीत कुत्रंसुद्धा नसतं, देवसुद्धा झोपलेले असतात. तेवढे दोन तास. पंखा बंद, कारण पंखा टेपवर येतो. भिंतींना त्याच रजया. हा साठीला आलेला माणूस बनियनवर, गळ्यात ओला पंचा, जाकीट खुंटीवर, दाराच्या आत बसून गायचा. सुट्टी लागली तशी मीही बसू लागले. माझं काम त्यांनीच ठरवून दिलं होतं. म्हणाले, "जिथवर मला ऐकू येतं तिथवर मी बघतो. त्याच्या वर काय चाललंय ते तुम्ही सांगा. आणि यावेळी छान म्हणायचं नाही."

म्हणजे त्यांना कळलं होतं तर. मी ओशाळले, आणि नंतर जे खरं ते सांगू लागले. ही तार किंचाळते. इथं श्वास ऐकू येतो, पण राहू द्या, बरा वाटतो. हे कडवं तुम्ही पुन्हा पळवलंत. एकट्या आईच्या गाण्यावर अकरा दुपारी गेल्या. बाराव्या दुपारी ते पुन्हा गायले. 'येतोच'च्या पुढं ते थांबले, इतका वेळ थांबले की मला वाटलं विसरले, आणि मग पुढची ओळ अगदी सावकाश खाली ठेवली. माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी टेप बंद केला. खालून आईनं पन्हं आणलं होतं, ते त्यांनी त्या दिवशी प्रथमच खाली बसून, घोट घोट घेत प्यायलं.

आषाढ लागायच्या आत कॅसेट झाली. यावेळी पूजा झाली ती आधी नाव कोरून, आणि दुकानात मी दुकानदाराच्या डोक्यावर उभी राहून प्रती करून घेतल्या. दारात उभ्या उभ्या त्यांनी पहिली प्रत माझ्या हातात दिली. वर त्यांचं पूर्ण नाव होतं, आणि डोकं न कापलेला फोटो. गल्लीतल्या त्या सगळ्या लोकांनी ती नेली. वाजवली किती जणांनी, देव जाणे. पण पुढच्या वर्षी एक दिवस अहिल्याबाई घाटाच्या वरच्या गल्लीतून मी जात होते, तर एका खिडकीतून तो आवाज आला. घर माझ्या ओळखीचंही नव्हतं. मी तिथंच थांबून राहिले, शाळेला उशीर झाला. ऑस्ट्रेलियाहूनही पत्र आलं. त्यात एकच ओळ होती. "सगळं उत्तम. ड्रम कुठं आहेत?" त्यावर ते दोन दिवस हसत होते.

डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. दोन वर्षांत खालचे सूरही विरत गेले. आधी माझा आवाज गेला, मग आईचा, मग घंटा. ते फारसं बोलून दाखवत नसत. मी पाटीवर खडूनं लिहायची आणि ते वाचून मोठ्यानं उत्तर द्यायचे, शेजाऱ्यांना आमच्या घरातलं सगळं कळायचं. शेवटी त्यांच्या ठाण्याच्या मावसबहिणीच्या मुलीनं त्यांना आपल्याकडं न्यायचं ठरवलं. मला फार वाईट वाटलं. आईनं तर दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला, म्हणजे पाटीला हातच लावला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी ते खाली आमच्या खोलीत आले. म्हणाले, एकदा लावा. मी टेप लावला, आवाज होता नव्हता तेवढा वाढवला. ते त्याला उजवा कान अगदी टेकवून बसले. डोळे मिटलेले. किती ऐकू येत होतं मला माहीत नाही, मी विचारलं नाही. बोटं गुडघ्यावर हलत होती, बरोबर तालात. चौथं गाणं निम्म्यावर आलं आणि बत्ती गेली.

टेप थांबला. खोलीत एकदम शांत झालं. त्यांची बोटं मात्र थांबली नाहीत. मी उठणार होते, त्यांच्या खांद्याला हात लावून सांगणार होते, पण मला ते जमलं नाही. ते ऐकतच होते. त्या थांबायच्या जागी बोटं थांबली, तेवढाच वेळ थांबली, आणि मग पुढची ओळ आली. शेवटची तार वाजवून झाल्यावर त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि डोळे उघडले. बरोबर त्याच वेळी बत्ती आली. टेप कण्हला आणि गाणं मघाशी तुटलं होतं तिथून पुढं सुरू झालं.

त्यांनी कान टेपपासून दूर केला, फिरणाऱ्या कॅसेटकडं बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. सगळं त्यांच्या लक्षात आलं.

"तुमचं राहिलंय वाटतं," ते म्हणाले. "ऐका तुम्ही. माझं ऐकून झालं."